काजळीत उमटलेली नाडी

आमच्या शेजारचे ब्रशभाऊ दिवसभर दुसऱ्यांची धूळ झटकतात. घरी मात्र वहिनी झाडू घेऊन आल्या की ते फक्त पाय वर घेतात. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे, तीही नावापुरती. रोज सकाळी वहिनींचं "पाय" ऐकू आलं की इकडे मीसुद्धा सवयीने माझे पाय उचलते.

ब्रशभाऊ हे नाव मी ठेवलेलं. आता जिन्यात, दुकानात, सगळीकडे तेच चालतं. वहिनीही चिडल्या की तेच वापरतात. माणूस दिसायला काही विशेष नाही. ठेंगणे, डोक्यावर मोजकेच केस, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याला वाटावं, आपल्यालाच कमी ऐकू येतंय. मोठ्या ग्रंथालयाच्या तळमजल्यावर जुन्या कागदपत्रांचा विभाग आहे, तिथे ते डोक्यावर भरपूर केस असताना लागले आणि तिथेच राहिले. नावाजलेली माणसं गेली की घरचे लोक त्यांची खोकीच्या खोकी आणून तिथे देतात. त्यातला एकेक कागद मऊ ब्रशने साफ करायचा, टाचण्या काढायच्या, पाकिटात घालायचा, पाकिटावर पेन्सिलीने लिहायचं, एवढंच काम. ते हातात इतकं भिनलंय की विजेचं बिल आलं तरी ब्रशभाऊ आधी तळहाताने मधून कडेकडे झटकतात आणि मग आकडा बघून दचकतात.

माझं पार्लर आहे. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याला लेप लावला की ती डोळे मिटते आणि तोंड उघडते, त्यामुळे मला कधी बातम्यांची चणचण भासली नाही. पण शेजारी मेलेल्या माणसांच्या भानगडींचं अख्खं कोठार असलेला गृहस्थ राहतो आणि त्याच्याकडून मला एक अक्षर मिळत नाही, हे दुःख कुणाला सांगू? कितीदा खोदून विचारलं. चहा पाजून विचारलं. उत्तर ठरलेलं.

"ताई, मी वाचत नाही. मी पुसतो."

पुढे हेच वाक्य त्यांच्या घशात अडकणार होतं.

दोनेक वर्षांपूर्वी त्यांच्या विभागात एका शास्त्रज्ञांची खोकी आली. जैवभौतिकशास्त्रातले मोठे संशोधक. हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

"म्हणजे काय असतं ते?" मी विचारलं.

"जिवंत शरीरात रक्त किती जोराने ढकललं जातं, स्नायू किती ताकदीने आखडतो, ते मोजायचं."

"म्हणजे डॉक्टर."

"नाही. डॉक्टर बरं करतो. हे मोजतात."

"मोजून काय करतात?"

"डॉक्टरला देतात."

दवाखान्यात बोटाला चिमटा लावून नाडी दाखवतात ना, तशा तऱ्हेचं एक यंत्र या माणसाने फार आधी, घरच्या खोलीत बसून जुळवलं होतं. पुढे ते नाना तऱ्हांनी सुधारलं, कारखान्यात बनलं, आणि त्यांचं नाव झालं. पण कागद जपायची अक्कल शून्य. हिशेब बिस्किटांच्या वेष्टणांवर, आकृत्या लाँड्रीच्या पावत्यांमागे. विभागाचा नियम असा की कागद ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने राहणार. मी म्हटलं, "लाँड्रीच्या पावत्या तरी टाका." ब्रशभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाचा दात उपटायला सांगितला. "ते त्यांनीच तिथे ठेवलं होतं," म्हणाले. "का ठेवलं, ते आपण कोण ठरवणार?"

या खोक्यांची एक आणखी कटकट होती. शास्त्रज्ञांच्या माघारी त्यांच्या घरात अडगळीच्या खोलीला आग लागली होती. कागद जळले नाहीत, पण धुराने काळे झाले. तेव्हा ब्रशभाऊंचे सगळे दिवस काजळी काढण्यात गेले. त्यासाठी रबरासारखा एक कोरडा स्पंज असतो. तो अलगद फिरवला की काजळी त्याला चिकटून येते आणि खालून अक्षरं वर येतात. त्यांना त्यात गोडी लागली होती. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया काळ्या आणि चेहरा उजळलेला. वहिनी म्हणायच्या, "वन्सं, बघा तुमच्या भावाला. कोळशाच्या खाणीत प्रमोशन मिळालंय."

मग एक सकाळ अशी आली की भिंतीपलीकडून "पाय" ऐकूच आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी पाय जमिनीवर ठेवून बसले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी वाटी घेऊन साखर मागायला गेले. साखर माझ्याकडे डबाभर होती.

ब्रशभाऊ खुर्चीत बसलेले. पुढचा चहा गार होऊन त्याच्यावर साय धरलेली. वहिनींनी मला डोळ्यांनी आत बोलावलं आणि दार लोटलं.

"कुणाला सांगणार नसाल तर सांगते," त्या म्हणाल्या.

"वहिनी, मी कधी कुणाला काही सांगितलंय?"

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्हीच सांगा. माझ्याने नीट सांगवणार नाही."

त्यांनी सांगितलं ते असं. धुराने काळवंडलेल्या त्या ढिगात एक लाकडी पेटी निघाली. आत खाचा, आणि खाचांमध्ये एकमेकांना न टेकता उभे ठेवलेले गुळगुळीत कागद. सगळे काळेकुट्ट. ब्रशभाऊंना वाटलं, धूर पेटीतही शिरला. पहिला कागद काढला. काजळीवर बारीक पांढरे ओरखडे दिसले. वाटलं, कुणाचं नख लागलं असेल. स्पंज फिरवला. कागद लख्ख झाला, पण खाली एक अक्षर नाही. कोरा. तो बाजूला ठेवून त्यांनी दुसरा घेतला, तर त्यावरही ओरखडे. वर, खाली, वर, खाली, सगळे सारख्या अंतराने.

"आणि मग हात थांबला," ब्रशभाऊ म्हणाले. "नख एवढ्या तालात लागत नाही, ताई."

ती काजळी आगीची नव्हतीच. ती शास्त्रज्ञांनी स्वतः धरली होती. त्यांचं पहिलंवहिलं यंत्र तसंच होतं: गुळगुळीत कागद दिव्याच्या धुरावर काळा करायचा, फिरत्या नळकांड्यावर गुंडाळायचा, माणसाच्या मनगटाला एक काडी टेकवायची आणि काडीच्या टोकाला सुई. नाडी उडाली की काडी उडते, सुई काजळी खरवडते, काळ्यावर पांढरी रेघ उमटते. नंतर कागद लाखेच्या रोगणात बुडवला की काजळी पक्की बसते. या पेटीतले कागद मात्र बुडवायचे राहिले होते. फुंकर मारली तरी उडतील असे, इतकी वर्षं खाचांमध्ये नुसते उभे.

मी त्यांना धीर द्यायला म्हटलं, "बाकीच्यांवर हेअर स्प्रे मारू या का? माझ्याकडे चांगला आहे, वादळातही केस हलत नाही."

एरवी ते हसले असते.

"एकच ना गेला," मी म्हटलं. "बाकीचे आहेत."

"हो. पण तो नेमका कुणाचा होता?"

तीच तर गोम होती. कागद पुसला त्याच्या दुसऱ्याच दिवशी शास्त्रज्ञांच्या मुलीचा विभागप्रमुख मॅडमना फोन आला. मुलगी म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या बाई. मी त्यांना लेकबाई म्हणते. त्यांचं म्हणणं असं: वडिलांनी यंत्र जुळवलं तेव्हा सगळ्यात आधी आईची नाडी उतरवून घेतली होती. आई त्या लहान असतानाच गेली. तो कागद वडिलांच्या सामानात कुठेतरी आहे आणि त्यांना तो एकदा बघायचाय. मॅडमनी विचारलं, आईचे फोटो नाहीत का? तर म्हणाल्या, "आहेत ना. पण फोटोत आई थांबलेली असते. त्या कागदावर ती चालू आहे."

ओळखायची खूणही त्यांनी दिली होती. आईच्या नाडीचा मधूनच एक ठोका चुकायचा. वडील थट्टा करायचे की हिचं काळीज चालता चालता चप्पल नीट करायला थांबतं.

ब्रशभाऊंनी पेटीतले उरलेले सगळे कागद बघितले. एकाही रेघेत ठोका चुकलेला नव्हता.

"आणि खाचेत पहिला होता तो हाच," ते म्हणाले. "सगळ्यात आधीचा."

"हे बघा," वहिनी म्हणाल्या, "पेटीत रिकाम्या खाचाही होत्या, तुम्हीच म्हणालात. कुणी मोजलेत कागद? सापडला नाही म्हणून सांगायचं. म्हाताऱ्या बाईला निदान वाटेल, कुठेतरी असेल. खरं सांगून तिची आशाही पुसणार का?"

मला ते पटलं, हे इथे लिहून ठेवते.

"ती शोधत राहील ना मग," ब्रशभाऊ म्हणाले. "प्रत्येक खोक्यात. मला विचारून, माझ्याकडूनच काढून घेऊन. आणि मी देत राहू?"

वहिनी उठून तो गार चहा ओतून आल्या आणि नवा ठेवला.

गुरुवारी लेकबाई येणार होत्या. वहिनींनी ठरवलं, आपणही जायचं. "हे आयत्या वेळी पुटपुटतील आणि बाईंना वाटेल, हवापाण्याचं बोलतायत." आणि वहिनींना सोबत म्हणून मी. मला आग्रह करावा लागला नाही.

तळमजल्यावरच्या त्या वाचनखोलीत कुणालाही बसता येतं, पण शिरणं सोपं नाही. पर्स बाहेर, पेन बाहेर. मला हात धुवायला लावले, मग ब्रशभाऊंनी हळूच सांगितलं, "ताई, क्रीमचा वास येतोय, परत धुवा." मी जन्मभर लोकांच्या हातांना क्रीम लावलं, ते गुन्ह्यात मोडतं हे तिथे कळलं. खोली थंडगार, लांब टेबलं, उंच खिडक्यांना जाड पडदे. बोलायचं झालं तरी कुजबुजत. ब्रशभाऊंचा आवाज असा का, याचा उलगडा मला इतक्या वर्षांनी झाला.

लेकबाई काठी टेकत आल्या. कपाळावर आठी, पाठ ताठ, आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेल्या असाव्यात अशी नजर. मॅडमनी आम्हाला भिंतीजवळच्या खुर्च्या दिल्या. मॅडमना ब्रशभाऊंनी आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "बाईंना मी सांगू की तुम्ही?" आणि ते म्हणाले होते, मी.

पण आधी त्यांनी पेटी आणली. कडांना धरून एकेक कागद उचलला आणि आडवा मांडला.

काळा मखमली कागद, आणि त्यावरून केसाएवढी पांढरी रेघ टेकड्या चढत-उतरत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चाललेली. शाईला असतो तसा ओघळ नाही, खाडाखोड नाही. प्रत्येक टेकडीच्या उतारावर आणखी एक छोटा उंचवटा, बरोबर त्याच जागी. हे कुणी काढलेलं चित्र नव्हतं. एका माणसाच्या रक्ताने आपल्या हाताने लिहिलेलं होतं. कोपऱ्यात सुईनेच खरवडलेले शब्द: मी, जिना चढून. दुसऱ्यावर: घरमालक, झोपेत. तिसऱ्यावर: विद्यार्थी, निकालाच्या सकाळी. त्या विद्यार्थ्याच्या टेकड्या इतक्या गर्दीने चाललेल्या की मला त्याला पाणी द्यावंसं वाटलं. कुठला कोण, पास झाला की नापास, आज आहे की नाही, कोण जाणे. पण त्या सकाळची त्याची धडधड माझ्यासमोर टेबलावर जशीच्या तशी पडली होती. घरमालक तर केव्हाच गेला असणार, तरी त्याची झोप चालूच. माझं काम माणसाच्या कातडीशी. एवढ्या जवळून मी इतकी माणसं बघितली, पण कातडीच्या आत हे अखंड चाललेलं असतं याचं कधी भानच नव्हतं. मी नकळत माझं मनगट धरलं. शेजारी वहिनींनीही स्वतःचं धरलेलं होतं.

"आणि आई?" लेकबाईंनी विचारलं.

ब्रशभाऊ उभे राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज भिंतीपर्यंत पोचला.

"तो कागद माझ्या हातून पुसला गेला, बाई. मला वाटलं, आगीची काजळी आहे. पहिलाच होता. त्याच्यावर तुमच्या आईच असणार, कारण बाकी कशावरही ठोका चुकलेला नाही. मी न वाचता पुसला."

मॅडमनी पाण्याचा पेला पुढे करायला हात उचलला आणि टेबलावर कागद आहेत हे आठवून मागे घेतला.

"बघू," लेकबाई म्हणाल्या.

त्यांनी तो कागद आणला. लख्ख, जरासा पिवळसर, कोरा. लेकबाईंनी चष्मा वर सरकवून तो बराच वेळ बघितला.

"पुसता मात्र छान," त्या म्हणाल्या.

मला तर वाटलं, याच्यापेक्षा त्यांनी काठी मारायला हवी होती. ब्रशभाऊंची मान खाली गेली. मग ते म्हणाले, "एक गोष्ट करून बघायची राहिली आहे. सुरुवातीला सुई किती हलकी ठेवायची हे त्यांना जमलं नसेल, असं मला वाटतं. सुई जड असेल तर तिने काजळीखालचा कागदही दाबला असेल. दिवा अगदी आडवा धरला तर ते दबलेलं दिसतं. कधीकधी."

"मग बघितलं नाहीत?"

"धीर झाला नाही. तिथेही काही नसलं तर..."

मागून वहिनी म्हणाल्या, "मग आता करा की."

मॅडमनी पडदे ओढले, वरचे दिवे घालवले. ब्रशभाऊंनी छोटा दिवा टेबलाच्या कडेला, कागदाच्या पातळीत आणला. आधी काहीच दिसलं नाही, नुसता कागदाचा पोत, नांगरलेल्या शेतासारखा. त्यांनी दिवा थोडा फिरवला. नाही. आणखी खाली. आम्ही सगळ्या टेबलापर्यंत कधी आलो, आम्हालाही कळलं नाही.

आणि कडेला एक सावली उभी राहिली. केसाहून बारीक. ती वर चढली, उतरली, परत चढली. दिवा सरकेल तशी पुढे उगवत गेली, जणू कुणी आत्ता, या क्षणी, काढतंय. लेकबाईंचं बोट हवेत, कागदाला न टेकता, तिच्यासोबत चालू लागलं. वर, खाली. वर, खाली. वर, खाली. आणि मग रेघ सपाट झाली, बोट अधांतरी राहिलं, आणि एका टेकडीची जागा मोकळी सोडून ती पुन्हा वर चढली.

"थांबली," लेकबाई म्हणाल्या. "चप्पल."

कुणी हसलं नाही, आणि कुणी रडलंही नाही. मनात म्हटलं, एक बाई अशीच कधीतरी दुपारी हात पुढे करून बसली असेल, घरातली कामं खोळंबली असतील, नवरा काडी-सुई घेऊन खटपट करतोय म्हणून मनात हसली असेल. आणि तिच्या काळजाने मध्येच घेतलेली ती विश्रांती आज चार बायका आणि एक पुरुष श्वास रोखून बघतायत.

कोपऱ्यात दिवा नेला तेव्हा तिथेही खरवडलेलं उमटलं. एकच अक्षर: ही.

"बाबांनी तिला कधी नावाने हाक मारली नाही," लेकबाई म्हणाल्या.

कागदाच्या मधल्या भागापर्यंत रेघ नीट लागली. पुढे मात्र विरत गेली आणि मग नाहीशीच झाली. ब्रशभाऊंनी दिवा चारी बाजूंनी फिरवून बघितला.

"इथून पुढे सुई हलकी केली असेल," ते म्हणाले. "पुढचं काजळीतच होतं. ते गेलं."

"म्हणजे अर्धी आहे."

"अर्धीच."

लेकबाईंनी मान डोलावली. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि ब्रशभाऊंनीही मागितलं नाही. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "परत पहिल्यापासून." ब्रशभाऊंनी दिवा पुन्हा कडेला आणला. पण एवढा वेळ हात टेबलाच्या काठाला अधांतरी धरून तो थरथरायला लागला होता, आणि त्याबरोबर सावलीही. सगळी रेघ जागच्या जागी उडत होती.

"दिवा कशावर तरी टेकवतो," ते म्हणाले. "हलतंय."

"हलू द्या," लेकबाई म्हणाल्या.

त्या किती वेळ बघत बसल्या मला माहीत नाही. पडदे उघडले तेव्हा सगळ्यांनी डोळे चोळले, ते उजेडाने असं आपण धरून चालू. मग त्या विभागाची रीत आली: कागदाला जे काही केलं असेल ते त्याच्या पाकिटावर लिहायचं, म्हणजे शास्त्रज्ञांच्या कागदांबरोबर तेही कायमचं राहतं. ब्रशभाऊंनी पेन्सिल घेतली आणि लिहिलं. काजळी मी आगीची समजून पुसली. रेघ अर्धी उरली आहे, आडव्या उजेडात दिसते. खाली सही केली. लेकबाईंनी ते वह्या तपासाव्यात तसं वाचलं आणि पेन्सिल परत दिली.

"दिवा कुठून धरायचा तेही लिहा. डाव्या हाताला, अगदी खाली. पुढच्या माणसाला शोधत बसायला नको."

त्यांनी लिहिलं.

काठी हातात घेऊन लेकबाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "पुढच्या गुरुवारी मी येईन. माझ्या धाकट्या भावाला घेऊन. त्याला तर आई आठवतच नाही. तुम्ही असता ना?"

ब्रशभाऊ टेबलावरची नसलेली धूळ तळहाताने मधून कडेकडे झटकू लागले.

"दिवा तुम्हीच धरायचा," लेकबाई म्हणाल्या.

शेवटी वहिनींनीच मागून सांगितलं, "असतील ते. मी पाठवते."